नियम नववा

दुबईतल्या अल मनखूल भागातल्या मराठी बायकांना कुणाजवळ मन मोकळं करायचं असलं, की त्या विद्युल्लताबाई वेर्लेकरांच्या घरची बेल वाजवत. कारण साधं होतं. या बाईंच्या पोटात गेलेली गोष्ट पुन्हा वर येत नसे. कुणाच्या नवऱ्याची नोकरी डळमळली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची सासू तीन महिन्यांच्या व्हिजावर येऊन तिसऱ्याच दिवशी रुसून बसली, हे सगळं त्यांच्या कानावर पहिल्यांदा पडायचं आणि तिथेच राहायचं. आपल्या लोकांत हा गुण किती दुर्मीळ आहे, ते काय वेगळं सांगायचं.

हा गुण त्यांनी कुडाळच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत कमावला होता. लग्नाआधी सात वर्षं त्या तिथे नकला उतरवायच्या कामाला होत्या. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं. गावातल्या कुठल्या थोरल्याने धाकट्याला कसं बाजूला सारलं, ते आधी त्यांच्या हाताला कळायचं आणि मग महिन्याभराने गावाला. संध्याकाळी आई विचारायची, आज काय विशेष? त्या म्हणायच्या, काही नाही. पहिल्याच दिवशी हेडक्लार्कने त्यांना बजावलं होतं, "नक्कल करणाऱ्याला डोळे असतात, हात असतो. तोंड नसतं." ते वाक्य त्यांनी गाठीला बांधलं आणि दुबईलाही सोबत आणलं.

त्यांचे यजमान चारुदत्त वेर्लेकर एका कंत्राटदार कंपनीत एस्टिमेटर होते. सिमेंट किती, सळ्या किती, मजूर किती, हा हिशोब दिवसभर आणि संध्याकाळी नाटक. नाटकाचं वेड इतकं, की जेवताना भाजीत मीठ कमी पडलं तरी ते स्वगत म्हटल्यासारखं बोलत. १९९० साली कंपनीतला एक अमेरिकन इंजिनिअर मायदेशी परत निघाला आणि जाताना पुस्तकांचं एक खोकं चारुदत्तांच्या टेबलावर ठेवून गेला. त्यात एक विटेएवढं जाड वार्षिक होतं. त्यात पुलित्झर पारितोषिकांची यादी होती आणि त्या यादीत नाटकाचा रकाना होता.

दुसरा कुणी असता तर त्याने विजेत्यांची नावं वाचली असती. आमचे चारुदत्त अडकले ते कोऱ्या जागांवर. एका वर्तमानपत्राच्या मालकाने मृत्युपत्रात पैसे ठेवले, त्यातून १९१७ साली ही बक्षिसं सुरू झाली, आणि नाटकाचा मान पहिल्याच वर्षी कुणालाही मिळाला नाही. अठरा साली दिला. एकोणीस साली पुन्हा नाही. युद्धाच्या काळात दोनदा नाही. साठच्या दशकात तर चार वेळा नाही. "लता, हे बघ," ते बायकोला म्हणाले, "यांना नाही म्हणता येतं. आपल्याकडे बक्षीस ठेवलं की कुणाच्या तरी गळ्यात मारावंच लागतं." त्यानंतर वर्षभर ते जिथे मिळेल तिथून या बक्षिसाचा इतिहास गोळा करत राहिले. मृत्युपत्रातली अट काय होती, तर रंगभूमीने लोकांची नीती, अभिरुची आणि वागणूक सुधारावी. परीक्षक नाटक सुचवतात, पण शेवटचा शब्द बोर्डाचा. सगळं एका वहीत. ती वही अर्थातच विद्युल्लताबाईंनी स्वच्छ अक्षरात उतरवून दिली होती, कारण चारुदत्तांचं अक्षर त्यांचं त्यांनाही दुसऱ्या दिवशी लागत नसे.

मग त्यांनी मंडळात प्रस्ताव मांडला. मंडळ म्हणजे दुबई आणि शारजातली पन्नास-साठ मराठी कुटुंबं. गणपती, कोजागिरी आणि एक मेचा कार्यक्रम. त्यात आता एकांकिका-लेखनाची स्पर्धा आली, आणि नियम थेट अमेरिकेच्या धर्तीवर. तीन परीक्षक, त्यांच्यावर सात जणांची कमिटी, नाटक लायक नसेल तर बक्षीस नाही, आणि लेखकाचं नाव बंद पाकिटात. कंपनीच्या स्टोअरमधून आणलेल्या प्लायवूडला काळा रंग देऊन चारुदत्तांनी एक फलक केला. त्यावर दर वर्षी पांढऱ्या रंगात विजेत्याचं नाव ते स्वतः रंगवणार होते.

एक अडचण मात्र अमेरिकेत नव्हती. पन्नास घरांत प्रत्येकाचं अक्षर प्रत्येकाला ठाऊक. पाकीट बंद ठेवून काय उपयोग? मराठी टायपिंग तेव्हा दुबईत कुठे मिळणार? तेव्हा ठरलं, की आलेली प्रत्येक संहिता एकाच हाताने पुन्हा लिहून काढायची, तिच्या झेरॉक्स परीक्षकांना द्यायच्या, आणि मूळ कागद नावाच्या पाकिटासह कुलपात ठेवायचे. तो हात कुणाचा, याची चर्चा झालीच नाही. नियम नववा चारुदत्तांनी बायकोला समोर बसवूनच लिहिला: "लेखनिकाने कोणत्याही संहितेविषयी कोणाशीही, अगदी लेखकाशीही, कधीही बोलू नये."

"कधीही कशाला?" त्या म्हणाल्या. "निकाल लागेपर्यंत पुरे की."

"नाही. कधीही म्हणजे कधीही. नाहीतर लोक संशय घेतील."

"बरं," विद्युल्लताबाई म्हणाल्या, आणि खाली सही केली.

तेव्हापासून दर जानेवारी-फेब्रुवारीत वेर्लेकरांच्या जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा नाटकांचा असे. सकाळी चारुदत्त ऑफिसला आणि लेक ईशानी शाळेला गेली, की आमटीला फोडणी देऊन विद्युल्लताबाई तिथे बसत. उजव्या हाताला शाईचं पेन, डाव्या हाताला मूळ कागद, त्यावर ओळ सुटू नये म्हणून पट्टी. काना-मात्रेचा फरक करायचा नाही, हा कुडाळचा शिरस्ता. लेखकाने पात्राचं नाव पान चारवर सदा आणि पान नऊवर सदू लिहिलं, तर त्याही तसंच लिहीत. एखादं नाटक इतकं रटाळ असे, की त्यांच्या मनगटाला कळ यायची. पण चेहऱ्यावर काही नाही. एक भाबडे लेखक तर कोजागिरीला दूध पिता पिता मुद्दाम विचारत, "वहिनी, यंदा कसं काय आहे पीक?" त्या म्हणत, "साखर हवी का अजून?"

ईशानीला हे सगळं जरा वेडेपणाचं वाटे. "आई, इट्स जस्ट अ कॉम्पिटिशन," ती म्हणायची. "यू कॅन टेल मी ॲटलीस्ट."

"खलास. जेवून घे," आई म्हणायची.

अशी सहा वर्षं गेली. १९९७च्या स्पर्धेत अकरा संहिता आल्या. मंडळाच्या पोस्ट बॉक्समधून चारुदत्त त्या घेऊन आले, नावाची पाकिटं न उघडता बाजूला काढली आणि प्रत्येकीवर अनुक्रमांक घातला. फेब्रुवारीतल्या एका सकाळी विद्युल्लताबाईंनी अनुक्रमांक सात समोर घेतला, पहिल्या पानावर नजर टाकली आणि पेनाचं टोपण परत लावलं.

ते अक्षर त्यांना माहीत होतं. सातचा आकडा मधोमध आडवी रेघ मारून, आणि 'ळ' असा की जणू दोन लाडू शेजारी ठेवलेत. दर महिन्या-दोन महिन्यांनी ते अक्षर त्यांच्या पर्समध्ये येत असे, ब्लाउजच्या पावतीवर.

हमीदा परकार दापोलीकडची. लग्न होऊन शारजाला आली आणि रोल्लाच्या मागच्या गल्लीत तिने बायकांचे कपडे शिवायचं छोटं दुकान थाटलं. ब्लाउजचे पंधरा दिरहॅम, म्हणजे दीडशे रुपये झाले. कुडाळात एवढ्यात चार शिवून मिळाले असते, असं विद्युल्लताबाई दर वेळी म्हणत आणि दर वेळी तिच्याकडेच जात. कारण हमीदाचा हात बसलेला होता, आणि दुसरं म्हणजे ती मराठी शाळेत शिकलेली होती, पावती मराठीत लिहायची. "मागचा गळा तुमच्या सांगण्यावरून ठेवला आहे, मला खोल वाटतो," असं पावतीवर लिहून ठेवणारी शिंपीण सबंध आखातात दुसरी नसेल. विद्युल्लताबाईही कापडाला चिठ्ठी टाचून देत, गळा पुढून सात, मागून नऊ, बाही दंडापर्यंत. दहा वर्षं हा दोघींचा पत्रव्यवहार चालला होता म्हणा ना. शिलाई मशीनशेजारी हमीदाची एक वही असे आणि वहीत खुपसलेलं एक पेन. विद्युल्लताबाईंना वाटायचं, हिशोब असेल.

त्यांनी टोपण पुन्हा काढलं आणि लिहायला घेतलं.

नाटकाचं नाव 'मापं'. रंगमंचावर एक शिंपीण, एक नवरदेव आणि एक टेलिफोन. नवरदेव शारजात, नवरी कोकणात. लग्नाचा जोडा, म्हणजे नवरीचा पोशाख, इथूनच शिवून न्यायचा, हा त्याचा हट्ट. तेव्हा नवरीची मापं फोनवर येतात. पहिल्या फोनला कंबर अठ्ठावीस. महिन्याभराने, काहीतरी चुकलं असेल म्हणून पुन्हा विचारतात, तर सव्वीस. मग पंचवीस. नवरदेव खूश आहे, मुलगी सडपातळ होतेय. शिंपीण एकेक आकडा लिहिते आणि गप्प होत जाते. शेवटी ती कात्री खाली ठेवते आणि म्हणते, मी कापड कापणार नाही. पैसे परत घे, पण आधी तिकीट काढ आणि त्या पोरीला जाऊन बघ. नवरदेव चिडतो. ती म्हणते, कापलेलं कापड जोडता येत नाही रे, आणि आकडे खोटं बोलत नाहीत. नवरी अखेरपर्यंत रंगमंचावर येत नाही. फोन वाजतो आणि पडदा.

शेवटचं पान उतरवून झालं तेव्हा गॅसवरची आमटी करपली होती. सहा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. विद्युल्लताबाईंनी पातेलं भिजत घातलं आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांना भरून आलं होतं आणि अभिमानही वाटत होता. त्या मुलीचा त्यांना खरोखर अभिमान वाटत होता, आणि तो सांगायला त्यांच्याजवळ माणूस नव्हता.

परीक्षकांनाही ते आवडलं. तिघांपैकी दोघांनी अनुक्रमांक सातला पहिलं ठरवलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात वेर्लेकरांच्याच दिवाणखान्यात कमिटी बसली. विद्युल्लताबाई स्वयंपाकघरात पोहे परतत होत्या आणि मधल्या दारातून सगळं ऐकू येत होतं. काम दहा मिनिटांचं होतं. पण चारुदत्तांच्या हातात त्या आठवड्याचं वर्तमानपत्र होतं. त्यात छोटीशी बातमी होती, की या वर्षी पुलित्झरमध्ये नाटकाला पारितोषिक दिलेलं नाही.

"अकरा वर्षांनी," चारुदत्त म्हणाले. "अख्ख्या अमेरिकेत त्यांना एक नाटक लायक मिळालं नाही. आणि आपण सहा वर्षं दर वर्षी देतोय. आपल्या फलकावर एकही कोरी जागा नाही. लोक काय म्हणतील? वाटतायत खिरापत."

अध्यक्ष देवदत्त नाडकर्णी बँकेत मॅनेजर, त्यांना स्टँडर्ड या शब्दाचं भारी प्रेम. ते म्हणाले, "पॉइंट आहे. स्टँडर्ड मेन्टेन करायचं तर एकदा नाही म्हणावंच लागेल." कुणी म्हणालं, भाषा जरा जास्तच कोकणातली आहे. कुणी म्हणालं, नवरी येतच नाही, हे काय नाटक. नाटक वाईट आहे असं एकानेही म्हटलं नाही. पोहे बाहेर येईपर्यंत सातही हात वर झाले होते. अमेरिकेइतके कडक झालो, या आनंदात कमिटीने दोनदा पोहे घेतले.

एक मेच्या कार्यक्रमात अध्यक्षांनी जाहीर केलं, यंदा बक्षीस नाही. हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली आणि मग लावणी सुरू झाली. दुसऱ्या शुक्रवारी चारुदत्तांनी फलकावर '१९९७' पुढे 'बक्षीस दिले नाही' असं इतकं सुबक रंगवलं, की तसं कुणा विजेत्याचं नावही रंगवलं नव्हतं. नेमाप्रमाणे उतरवलेल्या संहिता मंडळाच्या ओळखीच्या विष्णूच्या किराणा दुकानात ठेवल्या गेल्या. नाटकाचं नाव सांगून कुणीही यावं, कुणालाही पाठवावं आणि आपली प्रत न्यावी. अनुक्रमांक सातची प्रत चार दिवसांनी गेली.

जूनमध्ये विद्युल्लताबाई ब्लाउज टाकायला रोल्लाला गेल्या. शारजाच्या रस्त्यावर तासभर टॅक्सीत बसून त्या मनाशी एकच घोकत होत्या, नियम नववा. दुकानात शिरताच त्यांची नजर मशीनशेजारी गेली. वही नव्हती. पेनही नव्हतं. हमीदाने मापं घेतली. नेहमी बोलणारी मुलगी, आज फक्त आकडे बोलली. एकदा तिने मान वर करून बाईंकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. विद्युल्लताबाईंच्या जिभेवर शब्द आले होते. दोन परीक्षकांनी तुला पहिलं ठरवलं होतं गं, एवढंच. तेवढं सांगितलं असतं तर कुणाचं काय गेलं असतं? पण सही केली होती.

"बाही अर्धा इंच सैल कर," त्या म्हणाल्या.

"बरं, वहिनी," हमीदा म्हणाली.

ऑगस्टमध्ये गेल्या, दिवाळीआधी गेल्या. वही नव्हती. पावतीवर आता फक्त आकडे आणि तारीख असे, गळ्याविषयी मत नसे. विद्युल्लताबाईंना घरी आल्यावर जेवण जाईना. एक बाई दहा वर्षं शिवता शिवता लिहीत होती आणि आता लिहीत नाही, हे दोन एमिरातींत एकट्या त्यांना ठाऊक होतं. बोलावं तर शब्द मोडतो, न बोलावं तर ती मुलगी अशीच विझत जाणार.

जानेवारी १९९८ उजाडला. चारुदत्त नऊ संहितांचा गठ्ठा घेऊन आले आणि नेहमीच्या कोपऱ्यात ठेवला. आठ दिवस गठ्ठा तसाच.

"लता, यंदा उशीर होतोय."

"मी लिहिणार नाही," विद्युल्लताबाई म्हणाल्या.

चारुदत्तांना वाटलं, मनगट दुखत असेल. "क्रीम आणू का?"

"मनगटाला काही झालेलं नाही." त्यांनी कपाटातून ती वही काढली, पुलित्झरच्या इतिहासाची, स्वतःच्याच अक्षरातली. पान काढून नवऱ्यासमोर ठेवलं. "त्रेसष्ट साल. वाचा."

चारुदत्तांना ते पाठ होतं. त्रेसष्ट साली नाटकाच्या परीक्षकांनी एक नाटक सुचवलं, बोर्डाने ते नाकारलं, बक्षीस कुणालाच दिलं नाही. आणि त्या दोन्ही परीक्षकांनी राजीनामे दिले.

"कोरी जागा तेवढी उचललीत तुम्ही," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "राजीनामे उचलायचे राहिले. आपल्याकडे कुणी दिले नाहीत, तेव्हा मी देते."

"अगं, पण तुझा काय संबंध? तू परीक्षक नाहीस."

"मी कोण आहे ते मला माहीत आहे. मी हात आहे. सात वर्षं तुमची बरीवाईट सगळी नाटकं या हाताने लिहिली, कधी हूं की चूं केलं नाही. गेल्या वर्षी पोहे परतताना मी ऐकत होते. नाटक वाईट आहे असं तुमच्यातल्या एकानेही म्हटलं नाही. अमेरिकेने दिलं नाही म्हणून तुम्ही दिलं नाहीत. अनुक्रमांक सातवर काट मारली, ते कुणाचं, याचा काही विचार केलात? कोणाचं नाटक ते मी सांगणार नाही. कसं होतं तेही सांगणार नाही, नियम आहे. पण यापुढे माझा हात मिळणार नाही."

इतकं सलग बोललेलं चारुदत्तांनी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकलं. ते उठून गॅलरीत गेले. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता, हे त्यांच्याबद्दल म्हटलंच पाहिजे. थोड्या वेळाने आत आले, मूळ कागदांच्या पेटीकडे न जाता परीक्षकांकडून परत आलेली झेरॉक्स शोधली आणि अनुक्रमांक सात पुन्हा वाचायला बसले. या वेळी वर्तमानपत्र शेजारी नव्हतं. वाचून झाल्यावर चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळत राहिले.

"मी गाढव आहे," ते म्हणाले.

विद्युल्लताबाईंनी यावरही काही मत दिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी कमिटी पुन्हा त्याच दिवाणखान्यात बसली. नाडकर्णी म्हणाले, "एकदा डिसिजन झाला तो झाला. नाहीतर चुकीचा प्रिसिडंट सेट होईल." चारुदत्त उभे राहिले. ते म्हणाले, चूक माझी आहे. कडक दिसायच्या हौसेने मी तुम्हाला हात वर करायला लावले. परीक्षकांनी जे ठरवलं होतं ते मान्य करा, नाहीतर नियमांच्या कागदावरची माझी सही काढून घ्या. मग त्यांनी 'मापं' मोठ्याने वाचून दाखवलं. दोघांचे आवाज ते एकटेच काढत होते, फोनची घंटीसुद्धा. संपलं तेव्हा नाडकर्णींनी रुमाल काढला, नाक शिंकरलं आणि म्हणाले, "यल्ला, चला, उघडा ते पाकीट."

पाकीट उघडलं. आतल्या कागदावर लिहिलं होतं, हमीदा परकार, रोल्ला, शारजा.

"ही कोण?" नाडकर्णींनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. चारुदत्तांनी मात्र मधल्या दारात उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. तिच्या अंगातला ब्लाउज रोल्लाहून शिवून येतो, हे त्यांना आत्ता आठवलं.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले. "वर्षभर."

"नियम नववा," विद्युल्लताबाई म्हणाल्या.

एस्टिमेटर माणसाला या गोष्टीचं एस्टिमेट कधी करता आलं नव्हतं. त्या दिवशी चारुदत्तांना कळलं, आपण घरात कुणाबरोबर राहतो. त्यांनी संध्याकाळची वाटही पाहिली नाही. फलक गॅलरीत नेला, 'बक्षीस दिले नाही' वर काळा रंग फिरवला आणि वाळल्यावर त्या जागी हमीदाचं नाव घातलं. खालची जुनी अक्षरं तिरप्या उजेडात अजून दिसतात.

दोघं टॅक्सीने रोल्लाला गेले. हमीदा मशीनवर होती. चारुदत्तांनी मंडळाचं पत्र दिलं, नीट सभेत बोलल्यासारखं बोलून. "हमीदाबाई, मंडळाकडून तुमच्यावर अन्याय झाला. दोन परीक्षकांनी तुमचं नाटक पहिलं ठरवलं होतं. आमचीच बुद्धी फिरली." हमीदाने पत्र वाचलं, चार घड्या घातल्या आणि मशीनच्या खणात ठेवलं. मग अर्ध्यावर असलेली शिवण शेवटपर्यंत मारली, दोरा तोडला.

"शुक्रिया, भाऊ," ती म्हणाली. "पण खरं सांगू? बक्षीस नाही म्हणाले, त्याचं मला एवढं काही वाटलं नव्हतं. मोठी माणसं, मोठं मंडळ. मी कोण? दहावी शिकलेली शिंपीण." मग ती चारुदत्तांकडे बघायची थांबली. "पण वहिनी, प्रत परत आली ना, ती उघडली, तर अक्षर तुमचं. दहा वर्षं तुमच्या चिठ्ठ्या वाचत्येय, मला कळणार नाही होय? म्हटलं, वहिनींनी लिहिलंय. म्हणजे शब्द न् शब्द त्यांच्या नजरेखालून गेलाय. मग बक्षीस गेलं खड्ड्यात. म्हटलं, येतील तेव्हा काहीतरी म्हणतील. बरं म्हणतील, वाईट म्हणतील. तुम्ही जूनमध्ये आलात. मी वाट बघितली. तुम्ही म्हणालात, बाही अर्धा इंच सैल कर."

हमीदाने मशीनवरचं कापड उचलून बाजूला ठेवलं.

"तेव्हा मी समजले," हमीदा म्हणाली. "म्हटलं, चांगलं असतं तर वहिनी गप्प बसल्या नसत्या. आणि वही माळ्यावर टाकली."

विद्युल्लताबाई स्टुलावर बसल्या. ज्या गुणासाठी जन्मभर लोकांनी त्यांना मान दिला, तो गुण या मुलीच्या वर्मी लागला होता. त्यांना वाटलं होतं, आपण दोघांच्या मधे आहोत, मंडळ एकीकडे, हमीदा दुसरीकडे, आणि आपण शब्द पाळतोय. हमीदाने मंडळाकडे पाहिलंच नव्हतं. ती बाईंचं तोंड बघत बसली होती.

"नियम माझा होता," चारुदत्त घाईघाईने म्हणाले. "मीच कधीही हा शब्द घातला. यांचा काही..."

"नियम तुमचा," विद्युल्लताबाई म्हणाल्या, "पण तोंड माझं होतं. हमीदा, माझं चुकलं."

आणि मग त्या बोलायला लागल्या. बोलल्या म्हणजे काय, शिंपिणीचं शेवटचं भाषण त्यांनी पहिल्या शब्दापासून म्हणून दाखवलं. कागद नाही, चिठ्ठी नाही. कापड कापणार नाही इथपासून आकडे खोटं बोलत नाहीत इथपर्यंत, काना-मात्रेचा फरक न करता. आवाज मधेच चिरकला, तेव्हा थांबल्या आणि तिथूनच पुन्हा सुरू झाल्या. हमीदा दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत होती.

"'कापलेलं कापड जोडता येत नाही, भाऊ,' असं आहे ते," हमीदा मधेच हळूच म्हणाली. "तुम्ही 'रे' म्हणालात."

"'रे'च आहे," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "मूळ कागद माझ्या कुलपात आहे. तू विसरलीस. मी त्या दिवशी आमटी जाळली, मी विसरेन?"

हमीदा हसली. हसता हसता तिने ओढणीने डोळे पुसले. मग स्टुलावर चढली, माळ्यावरच्या अस्तराच्या गठ्ठ्यामागे हात घातला आणि ती वही काढली. धूळ झटकून बाईंपुढे धरली. "दुसरं आहे. अर्धंच झालंय. तुम्ही उतरवून द्याल?"

"हे बघा, हमीदाबाई," चारुदत्त म्हणाले, "स्पर्धेला द्यायचं असेल तर लेखनिकाला आधी..." आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी उरलेलं वाक्य गिळलं.

विद्युल्लताबाईंनी वही घेतली नाही. हमीदाच्याच हातात परत सरकवली.

"उतरवायला मंडळाला दुसरं कुणीतरी शोधू दे," त्या म्हणाल्या. "हे तू मला वाचून दाखव. मी प्रत्येक पानाला बोलणार आहे."

हमीदाने मशीनचं बटण बंद केलं आणि पहिलं पान उघडलं.